सोपाऱ्याचा मामा

माझं माहेर सोपारा. लग्न होऊन नाशिकला आल्यापासून हे वाक्य मी जितक्या वेळा उच्चारलं, तितक्या वेळा समोरच्या माणसाने ते माझ्यासाठी दुरुस्त केलं आहे. 'म्हणजे नालासोपारा का?' असं विचारतात. त्यातल्या 'नाला'वर जरा थांबतात आणि मग चेहऱ्यावर तो भाव येतो, पाहुणा चपला घालून थेट देवघरापर्यंत आला तर येईल तसा. मी हो म्हणते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. 'तिथं फार गर्दी ना हो? आणि लोकही कुठले कुठले येऊन राहिलेले.' या प्रश्नाला हसून मान डोलवायची असते, हे सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं. मी ते अजून शिकते आहे.

तर एकदा नीट सांगून टाकते. आमच्याकडे नाळे नावाचं एक गाव आहे, समुद्राच्या अंगाला. त्याच्या अलीकडे सोपारा. रेल्वेचं स्टेशन झालं तेव्हा दोन्ही गावांची नावं जोडून पाटी लावली. इंग्रजी स्पेलिंगने आणि हिंदी उच्चाराने नाळ्याचा नाला केला. बस, एवढंच. गटाराशी काही संबंध नाही. पण माझ्या सासरच्या एका लग्नात एका शहाण्याने मला विचारलं होतं, 'वहिनी, तो नाला अजून वाहतो का हो?' आणि सगळी पंगत खो-खो हसली. मी नवी होते, म्हणून त्याच्या पानात आमटीऐवजी आणखी काही वाढलं नाही. आज विचारलं असतं तर वाढलं असतं.

सोपारा बंदर होतं. आता बंदर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे क्रेन आणि कंटेनर येतात. आमच्याकडे खाडी गावापर्यंत आत आली होती आणि गलबतं भरतीबरोबर तिच्यातून वर यायची. अरबस्तानातून, मिसरमधून, त्याच्याही पलीकडून. ग्रीक लोकांनी आमच्या गावाचं नाव लिहून ठेवलंय, अरबांनी लिहून ठेवलंय. मुंबई तेव्हा कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवर लादून खाली उतरायचा. पैठणचा, जुन्नरचा आणि हो, या नाशिकचासुद्धा. तो सगळा आमच्या धक्क्यावरून पुढे जायचा. मगधच्या सम्राटाने आपल्या आज्ञा देशभर दगडांवर कोरून घेतल्या, त्यातला एक दगड आमच्या गावात उभा केला होता. अशा आज्ञा माणसं जिथे येतात-जातात तिथे लावतात, रानात लावत नाहीत. त्या दगडाचा तुकडा आमच्या तळ्याजवळ सापडला आणि मुंबईच्या संग्रहालयात गेला. गावात मातीची एक मोठी टेकडी होती. आम्ही तिला बुरुड राजाचा कोट म्हणायचो आणि तिच्यावरून घसरगुंडी खेळायचो. इंग्रजांच्या काळात ती खणली होती, तेव्हाच ती स्तूप निघाली होती. आतून दगडी पेटी निघाली, पेटीत सोन्याची फुलं निघाली, तीही मुंबईला गेली. आमच्याकडचं जे चांगलं निघालं ते मुंबईला गेलं, आणि मुंबईला जे मावेना ते आमच्याकडे आलं. एवढ्या एका वाक्यात माझ्या माहेराचा पुढचा सगळा इतिहास सांगून होतो.

खाडी गाळाने भरली, गलबतं वसईकडे वळली, तिथे पोर्तुगीज बसले, आणि आमचं गाव बागायतीला लागलं. केळी, पानवेली, फुलं. आमच्या वाडीमागे एक सखल मोकळा तुकडा होता, त्याला घरात सगळे 'बंदर' म्हणायचे. 'गुरं बंदरावर सोड', 'शेणी बंदरावर वाळत टाक' असं आमची आई म्हणायची. समुद्र तिथून कुठच्या कुठे. पाचवी-सहावीत असताना मला शाळेत बंदर म्हणजे काय असं विचारलं, तेव्हा मी गुरं चारायची जागा असं सांगितलं आणि छडी खाल्ली. मास्तर बाहेरगावचे होते. गावातल्या कुणाही माणसाने तेच सांगितलं असतं. गलबतं गेली तरी गावाने तो शब्द शेणी वाळत घालायला का होईना, पण वापरात ठेवला होता.

आता त्या बंदरावर इमारती आहेत. त्या बांधणाऱ्यांना खाडीचं पात्र दिसत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. आंधळ्यालाही पावसाळ्यात पायाला कळलं असतं. भर टाकली, मजले चढवले, आणि आता दरवर्षी गुडघाभर पाणी झालं की टीव्हीवाले तिथे उभे राहून 'नालासोपारा तुंबला' म्हणून ओरडतात. तिथे राहायला आलेल्या माणसांवर माझा राग नाही. त्यांना जिथे परवडलं तिथे ती आली, आणि बंदराच्या गावाला बाहेरच्या माणसांचं वावडं असायचं काही कारण नाही. राग आहे तो नकाशा हातात असून डोळे मिटणाऱ्यांवर. आणि त्याहून जास्त राग आहे तो इथे कॉलेज रोडला कॉफी पीत बसून नाक मुरडणाऱ्यांवर.

माझी मुलगी शाळेत असताना त्यांची सहल पांडवलेण्यांना गेली होती. आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो, लेणी खिडकीतून दिसतात, म्हणून मीही बरोबर गेले. तिथे इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी एका लेण्यातल्या भिंतीवरचा लेख पोरांना समजावून सांगितला. एका राजाच्या जावयाने केलेल्या दानधर्माची ती जंत्री आहे. कुठे धर्मशाळा बांधल्या, कुठल्या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. ज्या गावांत धर्मशाळा बांधल्या त्यांची नावं बाईंनी बोट ठेवून वाचली. गोवर्धन, म्हणजे हे आपलं गंगापूर रस्त्याकडचं गोवर्धन. आणि त्याच्याच शेजारी शूर्पारक. बाई म्हणाल्या, म्हणजे आजचं सोपारा. माझ्या अंगावर काटा आला. जिथे माझ्या माहेराला कुणी विचारत नाही, त्याच गावाच्या डोंगरात ते दोन हजार वर्षांपासून कोरून ठेवलं आहे, आणि तेही एका जावयाने. नाशिकमध्ये जावयाच्या शब्दाला केवढा मान! घरी येऊन मी हे थोरल्या दिरांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. 'दगडावर काय, कोणीही काहीही कोरतं,' असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

हे थोरले दीर म्हणजे आमच्या घरातले कर्ते. माझे यजमान गेल्यापासून तर सगळंच त्यांच्या हातात. माणूस वाईट नाही. माझ्या मुलीच्या शिक्षणात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही, हे मी मान्य करते. पण त्यांना चारचौघांत दिसण्याची फार हौस. आणि चारचौघांत दिसायचं असलं की त्यांना माझं माहेर आड येतं.

मुलीचं लग्न ठरलं ते दिंडोरीच्या द्राक्षवाल्या घरात. मुलगा तिनेच पुण्यात पसंत केलेला, पण बैठक तर व्हायलाच हवी. मंडळी आली. मी आत पोहे वाढत होते. बाहेर मुलाच्या काकांनी तो प्रश्न विचारला, जो आपल्याकडच्या कुठल्याही बैठकीत विचारल्याशिवाय चहा संपत नाही. 'मुलीचे मामा कुठले?'

दीर म्हणाले, 'मामा मुंबईचे. दादरला फुलांचा मोठा व्यवसाय हाय त्यांचा.'

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. माझा भाऊ सोपाऱ्यात राहतो. आमच्या वाडीचा जो तुकडा शिल्लक राहिला त्यावर त्याने सोनचाफा लावला आहे. रोज पहाटे फुलं खुडून तो दादरच्या बाजाराला पाठवतो. पाठवतो, स्वतः जातसुद्धा नाही. त्या माणसाला दिरांनी एका दमात दादरला नेऊन बसवलं. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले तेव्हा विषय मानपानावर गेला होता.

मंडळी गेल्यावर मी सरळ विचारलं, 'दादा, दादर का सांगितलं?'

'अहो, आता बोललो ते बोललो,' ते म्हणाले. 'त्यांचे सोयरे मोठे लोक. नालासोपारा म्हटलं की शंभर शंका काढतात. पोरीच्या भल्याचंच केलं ना?'

'त्यांनी उद्या घर बघायला येतो म्हटलं तर?'

'कोण येतंय मामाचं घर बघायला!'

तळपायाची आग मस्तकात गेली. मी मुलीकडे बघितलं. तिने तरी काही बोलावं असं मला वाटलं. ती म्हणाली, 'आई, जाऊ दे ना. एका शब्दाचा तर प्रश्न आहे.' तिला लहानपणी चाफ्याच्या पाकळ्यांत बसवून वाढवणारा मामा एका शब्दात निकालात निघाला. दिरांपेक्षा मला त्या क्षणी तिचाच जास्त राग आला.

पण दिरांचं तेवढ्यावर भागलं नाही. खोटं सांभाळायचं म्हणजे पुढचं खोटं आलंच. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी मुलीला मंडपात आणायचा मान मामाचा. भटजी माइकवरून पुकारा करतात, मामा मुलीला घेऊन येतो, पाठीशी उभा राहतो. दिरांनी सुचवलं की तो मान माझ्या जाऊबाईंच्या भावाला द्यावा. ते इथलेच, कंत्राटदार, सगळे ओळखतात. 'तोही मामाच की तिचा,' असं म्हणाले. आणि माझ्या भावाला त्यांनी मला न विचारता परस्पर फोनही केला. भाऊ म्हणाला, चालेल. माझ्यामुळे पोरीचं अडायला नको. मी मागून येतो, अक्षता टाकतो, जेवतो आणि जातो.

हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी पकडली. कसारा उतरताना दिरांशी मनातल्या मनात भांडले आणि भिवंडी ओलांडताना भावाशी भांडायची तयारी केली. उतरून घरापर्यंत चालत गेले. जिथे पानवेलींचे मांडव होते तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत. चक्रेश्वराचं तळं तेवढं जागेवर आहे. देवळापाशी जुन्या कोरीव मूर्ती ओळीने ठेवलेल्या आहेत आणि कुणीतरी त्यांच्यावर दोरी बांधून टॉवेल वाळत घातले होते. मी ते टॉवेल उचलून बाजूच्या कठड्यावर टाकले. एक बाई म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, माझं माहेर आहे.

भाऊ चाफ्याखाली पाणी सोडत होता. मला बघून त्याने नळी खाली टाकली.

'तू हो कसं म्हटलंस?' मी पाणीसुद्धा न पिता सुरू केलं.

'बाय, बस तरी आधी.'

'बसायला नाही आले. तुझा मान आहे तो. तुझ्या हातातून काढून घेतायत आणि तू चालेल म्हणतोस?'

'मान घेऊन काय करू गो? पोरगी सुखात पडू दे.' तो नळी पुन्हा उचलून आळ्यात पाणी सोडायला लागला. 'लोक आपल्या गावाला हसतात ते आजचं हाय काय? ते हसतात, आपण राहतो. हिशेब संपला.'

'मग तुला राग कसा येत नाही?'

'येतो ना. पण मी रोज इथं राहतो, बाय. तू तिकडं राहून रागावतेस. तुला परवडतं.'

मी आणखी जोरात बोलले. म्हटलं, तू आला नाहीस मुलीला घेऊन, तर मी मंडपात उभी राहणार नाही. बापही नाही आणि आईही नाही, मग काय ते कंत्राटदाराने करावं. मी जे बोलेन ते करते, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. त्याने नळी पुढच्या आळ्यात नेऊन ठेवली. मग म्हणाला, 'येतो. मीच आणतो पोरीला. पण दादरचा तर दादरचा. तिथं तू तोंड उघडायचं नाय.'

मी काही बोलले नाही. त्याने ते हो धरलं.

परत आल्यावर मी दिरांना एवढंच सांगितलं की मुलीला तिचा सख्खा मामा आणेल, नाहीतर कोणी आणणार नाही. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण माझा चेहरा बघून विषय सोडला. 'फक्त दादर लक्षात ठेवा म्हणावं,' असं दोनदा बजावलं.

लग्न दिंडोरी रोडच्या एका लॉन्सवर झालं. भाऊ आदल्या दिवशीच आला, बरोबर चाफ्याचे करंडे घेऊन. इस्त्रीचा पांढरा सदरा आणि नवी टोपी. पुकारा झाला. माइकवर ज्याने सूत्रं धरली होती त्याला दिरांनी आधीच सगळं पढवलं होतं. 'मुलीचे मामा, दादरचे सुप्रसिद्ध पुष्पव्यापारी, वधूला मंडपात घेऊन येत आहेत.' भाऊ मुलीचा हात धरून आला. दादर ऐकून त्याची मान जराशी खाली गेली, मला दिसली, बाकी कुणाला दिसायचं कारण नव्हतं. मुलगी त्याच्या दंडाला घट्ट धरून चालत होती. अक्षता पडल्या. मी दात आवळून उभी राहिले. मान मिळाला, हे स्वतःला सांगत राहिले.

जेवण बुफे होतं, पण मानाच्या मंडळींसाठी टेबलांवर पंगत मांडली होती. मुलाचे काका, मुलाची आई, आमचे दीर आणि माझा भाऊ एका ओळीत. मी आग्रहाला गेले. हातात जिलेबीचं ताट होतं. काकांनी भावाकडे वळून सहज विचारलं, 'दादरला कुठं राहता तुम्ही?'

'फुलमार्केटच्या मागं,' भाऊ म्हणाला.

'जुनं घर?'

'हो, वडलांपासून. चाळ होती, आता बिल्डिंग झाली. तिसऱ्या मजल्यावर.'

मी जागच्या जागी थांबले. आमचे वडील दादरला आयुष्यात दोन-चार वेळा गेले असतील. ज्या माणसाच्या तोंडून मी कधी एक खोटा शब्द ऐकला नव्हता, तो इतक्या सफाईने बोलत होता. म्हणजे त्याने हे आधी ठरवलं होतं, घोकलं होतं, कदाचित चाफ्याला पाणी घालताना. वडिलांना त्याने चाळीत नेऊन ठेवलं, वाडी पुसली, तळं पुसलं, बंदर पुसलं, आणि वर वरणभात कालवत होता. माझ्याच्याने पुढे ऐकवेना.

'दादर-बिदर काही नाही,' मी म्हटलं. आवाज जितका हवा होता त्याहून मोठा निघाला. 'हा नालासोपाऱ्याचा आहे. आमचे वडीलही तिथलेच आणि मीही तिथलीच. लाज वाटण्यासारखं तिथं काही नाही, लाज वाटायची असेल तर लपवणाऱ्यांना वाटावी.'

दिरांनी ताटात बघायला सुरुवात केली. मुलाचे काका भावाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. मी पुढच्या शब्दाची वाट बघत होते. कुणी नुसतं 'नाला' म्हटलं असतं तरी तोंडातून काय काय बाहेर पडलं असतं. पण बोलली ती मुलाची आई. बैठकीपासून आम्ही तिला नाशिकच्या मोठ्या घरची म्हणून ओळखत होतो. ती पापड मोडत शांतपणे म्हणाली, 'मग पहिलंच सांगायचं व्हतं ना. मनं माहेर मालेगाव शे. हे लोकं बी बाहेर नाशिकच सांगतात.' काका खाकरले. तिने पापडाचा तुकडा तोंडात टाकला आणि जिलेबीकडे बोट केलं, मला वाढा म्हणून.

मी तिला जिलेबी वाढली. एवढा साठवलेला राग, आणि तो घ्यायला समोर कुणीच नाही. ती काही तिथे रागावलेली दिसत नव्हती. इतकी वर्षं ती दिंडोरीत कशी राहिली, हे मी तिला विचारायला हवं होतं, पण पंगत चालू होती. काकांनी आता द्राक्षांच्या छाटणीचा विषय काढला आणि दीर एकदम मोकळे होऊन त्यात शिरले. कुणाचं काही बिघडलं नाही. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं, बैठकीच्या दिवशीही नव्हतं.

मी भावाच्या पानाशी आले. त्याने वर बघितलं नाही.

'बाय,' तो हळूच म्हणाला, फक्त मला ऐकू येईल एवढंच, 'उभ्या जन्मात एकच खोटं बोललो. पोरीसाठी. तेवढं पण तू राहू दिलं नायस.'

मी जिलेबी पुढे केली. त्याने पानावर हात आडवा धरला.